दाणे घालून झाले, पुढे काय?

(मंचाच्या न्यू जर्सी येथील वसंत मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आपण आरोग्य, शिक्षण, जात, दुष्काळ अशा विषयांवर बोलत आलो आहोत. त्या मानाने 'अंगणात येणारे पक्षी' हा विषय रविवारच्या दुपारी चहाबरोबर चघळण्याचा वाटेल. संयोजकांनीही "या वेळी जरा हलकं काहीतरी" असेच सुचवले होते. तेव्हा सुरुवात हलकीच करतो. शेवटपर्यंत ते तसे राहील याची मात्र हमी देत नाही.

सुरुवात दुकानापासून करू. इथल्या बागकामाच्या कुठल्याही दुकानात पक्ष्यांच्या खाद्याची एक लांबलचक रांग असते. पिशव्यांवरची नावे परकी, पण पिशवी उघडली की आपल्या आठवडी बाजाराची आठवण होते. 'नायजर' म्हणून विकले जाणारे बारीक काळे बी म्हणजे आपले कारळे. काही भागांत त्याला खुरासणी म्हणतात. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच. हे बी इथे मुख्यतः इथिओपिया, भारत आणि म्यानमारमधून येते. त्यात मिसळलेले तणाचे बी इथे रुजू नये म्हणून आयातीच्या वेळी त्याला उष्णता दिलेली असते. 'सॅफ्लॉवर' म्हणजे सोलापूरकडची करडई. 'मायलो' म्हणजे लाल ज्वारी. सूर्यफूल आणि शेंगदाणे तर ओळखीचेच.

आता कोणाला काय आवडते ते पाहू. गोल्डफिंच हा पिवळाधमक चिमुकला पक्षी १९३५ पासून न्यू जर्सीचा राज्यपक्षी आहे आणि त्याला कारळे फार प्रिय. तो जवळजवळ संपूर्ण शाकाहारी आहे, पिल्लांनाही तो बियाच भरवतो. म्हणून इतर पक्ष्यांची पिल्ले उडून गेल्यावर, रानात काटेरी थिसलच्या बिया तयार होण्याच्या सुमारास, तो सावकाश घरटे बांधतो. आपल्यातल्या कडक शाकाहारी मंडळींनी त्याला मानद सभासदत्व द्यायला हरकत नाही. लाल तुरेवाल्या कार्डिनलला सूर्यफूल आणि करडई दोन्ही चालतात. करडईची गंमत अशी की, खारी आणि दांडगे ग्रॅकल तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. एकच पिशवी घ्यायची असेल तर पातळ सालीचे काळे सूर्यफूल घ्या, ते बहुतेकांना चालते. स्वस्त मिश्रणात लाल ज्वारीची भर असते. आपल्याकडे पूर्वेला येणारे बहुतेक पक्षी ती चोचीने उडवून खाली टाकतात, मग ती कुजते आणि उंदरांना आमंत्रण मिळते. स्वस्त पिशवी अशी महाग पडते.

सुतार पक्ष्यांना 'सूएट' आवडते. ती बहुधा गाईबैलांची चरबी असते. घरात ती नको असेल तर पीनट बटरमध्ये मक्याचे भरड पीठ मळून द्या, तेही ते आनंदाने खातात. हमिंगबर्डसाठी एक वाटी साधी पांढरी साखर आणि चार वाट्या पाणी एवढेच पुरे. मध नको, गूळ नको, लाल रंग तर नकोच. उन्हाळ्यात हे पाणी दोन दिवसांनी बदलायचे. आणि दाण्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे उथळ भांड्यात स्वच्छ पाणी, विशेषतः सगळे गोठलेले असते तेव्हा.

सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा सवयीने उरलेला भात आणि पोळीचे तुकडे डेकवर ठेवतात. कावळ्याला घास काढून ठेवण्याच्या परंपरेत वाढलेल्या माणसांना ते टाकवत नाही, हे मी समजू शकतो. पण इथे त्या घासावर रात्री उंदीर आणि रकून येतात. आई-बाबांच्या हाती सूर्यफुलाचा डबा आणि पक्ष्यांच्या चित्रांचे एक पुस्तक द्या. महिन्याभरात ते तुमच्यापेक्षा जास्त पक्षी ओळखू लागतील.

आता मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. "डिसेंबरात आम्ही महिनाभर भारतात जातो. फीडर रिकामा राहिला तर बिचारे उपाशी मरतील का?"

याचे उत्तर विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी शोधले आहे. चिकडी नावाचा दहा-बारा ग्रॅमचा पक्षी तिथल्या कडाक्याच्या थंडीत कसा टिकतो हे त्यांनी पाहिले. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाणे मिळणाऱ्या चिकडींपैकी ६९ टक्के हिवाळा पार करून गेल्या. दाणे न मिळणाऱ्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. म्हणजे अतिथंडीत दाण्यांचा उपयोग होतो. पण १९९२ च्या दुसऱ्या अभ्यासात, वर्षानुवर्षे दाणे खाणाऱ्या चिकडींचे फीडर काढून घेतले, तरी त्या कधीच दाणे न मिळालेल्या चिकडींइतक्याच टिकल्या. फीडर भरलेला असतानाही त्या बहुतेक अन्न स्वतः रानातूनच मिळवतात. तेव्हा खुशाल भारतात जा. तुमच्यावाचून त्यांचे अडत नाही.

हे उत्तर ऐकून काहींचा चेहरा थोडा पडतो. आपण कोणाचे तरी पोशिंदे आहोत ही भावना सुखाची असते. पण मला आज बोलायचे आहे ते इथूनच पुढे. फीडर मुख्यतः आपल्या आनंदासाठी असतो. त्यात गैर काही नाही. पण तेवढ्यावर 'आपण पक्ष्यांसाठी काहीतरी करतो' असे समाधान मानले, तर त्यांना खरोखर कशाची गरज आहे याकडे आपले दुर्लक्ष होते.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७० पासून अमेरिका आणि कॅनडातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे २९० कोटींनी घटली, असे त्यात दाखवले आहे. म्हणजे जवळपास प्रत्येक दहांतले तीन गेले. गवताळ प्रदेशातले तर निम्म्याहून अधिक गेले. यात दुर्मीळ पक्षीच आहेत असे नाही. चिमण्यांसारखे दिसणारे साधे स्पॅरो, वॉर्बलर, फिंच, ब्लॅकबर्ड असे रोजच्या पाहण्यातले पक्षी यात सर्वाधिक आहेत. आपल्यातले बरेचजण गेल्या तीस-चाळीस वर्षांत इथे आले. म्हणजे ही घट आपल्या डोळ्यांदेखत झाली आहे. आपण येताना जेवढे पक्षी होते तेवढे आज नाहीत.

आणि हे घडत असताना पाच कोटींहून अधिक अमेरिकन लोक दाणे घालतच होते! दाण्यांची टंचाई हे कारण असते तर ही घट झालीच नसती. मग कमी काय पडले? किडे आणि जागा.

चिकडी हिवाळ्यात दाणे खाईल, पण पिल्लांना ती अळ्याच भरवते. बहुतेक सगळ्या जमिनीवरच्या पक्ष्यांचे तसेच आहे, गोल्डफिंच हा अपवाद. डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी सांगतात की चिकडीच्या एका घरट्यातली पिल्ले उडण्याजोगी व्हायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. एवढ्या अळ्या कुठल्याही पिशवीतून आणता येत नाहीत, त्या झाडांवरच जन्माला याव्या लागतात. आणि अळ्या फार चोखंदळ. हजारो वर्षे ज्या झाडांबरोबर वाढल्या त्यांचीच पाने त्यांना पचतात. आपल्या भागातल्या ओकवर शेकडो जातींच्या अळ्या जगतात. शेजारच्या अंगणात शोभेसाठी लावलेला चिनी गिंको दिसतो सुंदर, पण अळ्यांच्या दृष्टीने तो ताजमहालासारखा आहे. पाहायला उत्तम, खायला काही नाही.

२०१८ मध्ये टॅलमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनच्या उपनगरांतली अंगणे तपासली. ज्या अंगणात झाडाझुडपांपैकी ७० टक्क्यांहून कमी वाटा इथल्या मूळच्या झाडांचा होता, तिथे चिकडींची वीण त्यांची संख्या टिकवायला पुरेशी ठरत नव्हती. घरटी दिसत, पण पुरेशी पिल्ले मोठी होत नसत.

आता आपल्या अंगणांकडे पाहा. घराभोवती कडेपर्यंत एकसारखे कापलेले हिरवेगार लॉन. त्यावर महिन्या-महिन्याने फवारणी करणारी कंपनी, आणि फवारणीनंतर "मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा" अशी छोटी पाटी. पक्ष्यांसाठी पाटी नसते. २००५ च्या एका अभ्यासानुसार अमेरिकेत घरे, उद्याने, गोल्फची मैदाने धरून सुमारे चार कोटी एकरांवर असे गवत आहे. महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त क्षेत्र! ते कोणी खात नाही आणि त्यात कोणी राहत नाही.

आपल्यासारख्या स्थलांतरितांचे या लॉनशी एक खास नाते आहे. नव्या वस्तीत घर घेतले की शेजाऱ्यांनी नावे ठेवू नयेत, 'हे लोक घर नीट ठेवत नाहीत' असे कोणी म्हणू नये, म्हणून आपण त्यांच्यापेक्षाही कसोशीने गवत कापतो. लॉन हा आपला सभ्यतेचा दाखला असतो. वर होमओनर्स असोसिएशनचे पत्र येण्याची धास्ती. पण इथेही चित्र बदलते आहे. मेरीलँडमध्ये एका जोडप्याच्या स्थानिक झाडांच्या बागेवरून असोसिएशनशी वाद झाला आणि त्यातून २०२१ मध्ये राज्याने कायदाच केला. पर्यावरणाला पोषक अशी बाग लावायला तिथल्या असोसिएशन आता सरसकट बंदी घालू शकत नाहीत. आपल्या न्यू जर्सीने २०२२ मध्ये कायदा करून निओनिकोटिनॉइड या कीटकनाशकांच्या शेतीबाहेरच्या उघड्यावरील वापरावर मोठे निर्बंध आणले. अशा कायद्यांसाठी कोणीतरी पत्रे लिहिलेली असतात, सुनावण्यांना जाऊन बसलेले असते. त्यांत आपण किती जण होतो?

जागेनंतर येतात ते सापळे, आणि त्यांतला मोठा सापळा म्हणजे काच. अमेरिकेत दरवर्षी अंदाजे ३६ ते ९९ कोटी पक्षी काचेवर आपटून मरतात. आपण दोष गगनचुंबी इमारतींना देतो, पण त्यांचा वाटा एक टक्काही नाही. चाळीस टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या एक ते तीन मजली घरांवर होतात. काचेत आकाश आणि झाडे दिसतात, पक्षी सरळ त्यात घुसतो. उपाय सोपे आहेत. फीडर खिडकीपासून तीन फुटांच्या आत ठेवा किंवा तीस फुटांपेक्षा लांब. जवळ असला तर पक्ष्याला जीवघेणा वेग येत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवा. ससाण्याचे एकच चित्र चिकटवून भागत नाही.

आपल्यातले कित्येकजण काचेच्या इमारतींत नोकरी करतात, काहीजण त्या बांधतात. त्यांच्यासाठी शिकागोचे उदाहरण. ५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मिशिगन सरोवराकाठच्या मॅककॉर्मिक प्लेस या एका इमारतीखाली साडेनऊशेहून अधिक मेलेले पक्षी सापडले. स्थलांतराची रात्र, खराब हवा, आणि आत दिवे. पुढच्या उन्हाळ्यात तिथल्या काचांवर ठिपक्यांचे आवरण लावले, आणि मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. फार मोठे तंत्रज्ञान नव्हते ते, फक्त ठिपके. न्यू जर्सी अटलांटिक किनाऱ्याच्या स्थलांतरमार्गावर आहे. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री ऑफिसचे दिवे बंद ठेवावेत, ही मागणी तुम्ही तुमच्या कंपनीत सहज करू शकता. त्यात विजेची बचत असल्याने वरिष्ठही फार विरोध करत नाहीत.

दुसरा सापळा मांजर. २०१३ च्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, अमेरिकेत मांजरे दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. त्यांतले बहुतेक भटक्या मांजरांमुळे, पण घरचीही निर्दोष नाहीत. आपल्या मनीला घरात ठेवा. तिचेही आयुष्य वाढते. डेकखाली भटक्या मांजरांना दूध आणि समोर पाखरांना दाणे, अशी दुहेरी भूतदया पाखरांच्या जिवावर बेतते.

तिसरी गोष्ट फीडरचीच. गर्दी जमली की रोग पसरतो. २०२०-२१ च्या हिवाळ्यात पाइन सिस्किन या पक्ष्यांत साल्मोनेलाची साथ आली, तेव्हा अनेक राज्यांत फीडर काही काळ उतरवायला सांगितले गेले. दर दोन आठवड्यांनी एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी घेऊन फीडर धुवा, नीट वाळवा. डोळे सुजलेला किंवा पिसे फुगवून बसलेला पक्षी दिसला तर फीडर काढा. आणि उत्तर जर्सीत अस्वले फिरतात त्या भागातल्यांनी फीडर फक्त हिवाळ्यातच लावावा.

भूतदयेचा विषय निघालाच आहे तर चिमणीबद्दल बोलतो. आपल्याला चिमणीचे केवढे प्रेम! ती भारतातल्या शहरांतून कमी होते आहे म्हणून आपण हळहळतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो. पण तीच घरचिमणी १८५०च्या दशकात ब्रुकलिनमध्ये मुद्दाम आणून सोडली गेली आणि इथे डोईजड झाली. पोकळीत घरटे करणाऱ्या निळ्या ब्लूबर्डच्या पेट्या ती बळकावते, अंडी फोडते, कधी बसलेल्या मादीलाही मारते. दीड इंचाच्या भोकाची पेटी लावून आपण निघून गेलो, तर आपण बहुधा चिमणीलाच घर बांधून दिलेले असते. पेटी मोकळ्या गवताळ जागी, घरापासून लांब लावावी, दर आठवड्याला उघडून पाहावी आणि चिमणीने आणलेल्या काड्या काढून टाकाव्यात. इथे ते कायदेशीर आहे, कारण बाहेरून आणलेल्या पक्ष्यांना संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण नाही. हे ऐकायला कठोर वाटते. पण नुसते प्रेम पुरत नाही, माहितीही लागते. समाजकार्याच्या बाबतीत आपण हे या मंचावर अनेकदा मान्य केले आहे.

तो संरक्षणाचा कायदा १९१८ चा, 'मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्ट'. त्याची मुळे शोधत गेलो तर बॉस्टनमधल्या दोन स्त्रिया भेटतात. त्या काळी बायकांच्या हॅटवर बगळ्यांच्या पिसांची फॅशन होती. त्यासाठी विणीच्या हंगामात बगळे मारले जात आणि पिल्ले घरट्यात उपाशी मरत. हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी १८९६ मध्ये शहरातल्या प्रतिष्ठित बायकांना चहाला बोलावून पिसांच्या हॅटवर बहिष्कार घालायला लावले. त्यातून मॅसॅच्युसेट्स ऑडुबन सोसायटी उभी राहिली. त्यांना मतदानाचाही हक्क नव्हता, तरी वीस-बावीस वर्षांत देशात कायदा झाला. दरम्यान १९१४ मध्ये मार्था नावाची शेवटची पॅसेंजर पिजन सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. एके काळी या जातीचे थवे अब्जावधींचे होते. म्हणजे विपुलता ही काही हमी नव्हे.

हा कायदाही आज निर्धास्त नाही. तेलगळती किंवा उघडे विषारी डबके यांमुळे हेतू नसताना पक्षी मेले, तर कंपनी जबाबदार की नाही, हा वाद आहे. २०१७ मध्ये सरकारने 'नाही' असा अर्थ लावला, २०२१ मध्ये तो मागे घेतला, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा आणला. मतदान करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पण निराश होण्याचे कारण नाही. २०१९ च्या त्याच अभ्यासात बदके आणि इतर पाणपक्षी वाढलेले दिसतात. कारण पाणथळ जागा विकत घेऊन राखल्या गेल्या. १९३४ पासून शिकाऱ्यांना २५ डॉलरचे, तेव्हा अर्थातच त्याहून स्वस्त, 'डक स्टॅम्प' घ्यावे लागते आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा या जागांवर खर्च होतो. शिकार न करणाऱ्यालाही ते पोस्टात विकत घेता येते. १९६३ मध्ये अलास्का वगळता मुख्य भूमीवर बाल्ड ईगलची घरटी करणारी जोडपी ४१७ उरली होती. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, संरक्षण मिळाले, आणि २००७ मध्ये ही संख्या साडेनऊ हजारांच्या पुढे गेल्यावर गरुडाचे नाव धोक्याच्या यादीतून निघाले. यांतले काहीच दाणे घालून झाले नाही. जागा मिळाली, विष थांबले, कायदा पाळला गेला.

गरिबाला शिधा देणे आणि त्याच्या हक्कासाठी उभे राहणे यांतला फरक आपल्याला फुले-आंबेडकरांच्या परंपरेने शिकवला आहे. शिधा देऊ नये असे कोणी म्हणत नाही, पण तिथेच थांबू नये. पाखरांच्या बाबतीतही मला एवढेच म्हणायचे आहे.

तेव्हा ठोस चार कामे सांगतो. एक, या शरद ऋतूत लॉनचा एक कोपरा मोकळा करून त्यात एक ओक किंवा सर्व्हिसबेरी, आणि खाली गोल्डनरॉड, ॲस्टर, कोनफ्लॉवर लावा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर कुंडीत कोनफ्लॉवर चालेल. फुले सुकली तरी कापू नका, गोल्डफिंच त्याच्या बिया खाईल. पडलेली पाने झाडाखालीच राहू द्या, त्यांत पुढच्या वर्षीच्या अळ्या असतात. दोन, फवारणीचे कंत्राट बंद करा. तीन, सर्वांत मोठ्या खिडकीवर ठिपके लावा आणि बाहेरचे दिवे रात्री मालवा. चार, मोजा. दर फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. पंधरा मिनिटे बसायचे, दिसलेले पक्षी मोजायचे आणि ई-बर्डवर नोंदवायचे. त्याच चार दिवसांत भारतातही पक्षिमित्र मोजत असतात. पुण्याचे आजोबा आणि एडिसनची नात एकाच दिवशी आपापल्या याद्या भरू शकतात.

फीडर काढू नका. त्याच्याशी बसून मुलांना पक्ष्यांची नावे कळतात, आणि ज्याचे नाव माहीत असते त्याच्यासाठीच माणूस पत्र लिहितो, सुनावणीला जातो. फक्त कारळ्यांची पुढची पिशवी घ्यायला जाल तेव्हा शेजारच्या रोपवाटिकेतून एक ओकचे रोपही घेऊन या. कोणाला जागा निवडायला किंवा असोसिएशनला पत्र लिहायला मदत हवी असेल, तर जेवणाच्या सुट्टीत मी इथेच आहे.